हातात कप असेपर्यंत

श्रीमंत औटींचा दात मोडला तो चहात बुडवलेल्या खारीवर. हाडूक नाही, सुपारी नाही, उसाचं कांडं नाही. चांगली भिजून लोळागोळा झालेली खारी, आणि तिच्यावर दात टेकवला तर तोंडात बारीकसं कट्‌ वाजलं. फाट्यावरच्या रामहरीच्या हॉटेलात सकाळचे सव्वासात झाले होते. राळेगणकडं जाणारी एसटी नुकतीच येऊन गेली होती, त्यामुळं बाकड्यावर ते एकटेच होते. त्यांनी जिभेनं चाचपलं. वरचा समोरचा दात अर्धा गेला होता. तुकडा त्यांनी हळूच रुमालात काढून घेतला, उरलेला चहा एका अंगानं संपवला, आणि रामहरीनं, "आबा, अजून अर्धा टाकू का?" असं विचारलं तेव्हा मान हलवून हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर उठावं लागलं असतं.

श्रीमंत औटी पारनेर आगारात बत्तीस वर्षं कंडक्टर होते. त्या आयुष्यात माणसांना काही तोटा नव्हता. रोज चार-पाचशे माणसं त्यांच्या अंगाला घासून जायची. कुणी शिव्या द्यायचं, कुणी लग्नाची पत्रिका द्यायचं, कुणी म्हातारीला अमुक थांब्यावर उतरवा म्हणून त्यांच्या हवाली करायचं. ओरडून ओरडून घसा कोरडा पडायचा म्हणून गालात सदा लिमलेटची गोळी असायची. गाडी जिथं थांबेल तिथं चहा, आणि तो कंडक्टर-ड्रायव्हरला कुणीतरी आग्रहानं पाजलेला. निवृत्त होऊन आता तीन वर्षं झाली होती. ओरडायचं काम संपलं, गोळी तेवढी गालात राहिली.

निवृत्तीनंतर आठ महिन्यांनी चाकणला त्यांच्या मुलाला, गोरक्षनाथला, मुलगा झाला. श्रीमंतांची बायको झुंबरबाई बारशापुरती म्हणून गेली. बारसं झालं. मग सुनेची, रोहिणीची रजा संपली. ती एका खासगी दवाखान्यात नर्स होती. मग पाळणाघरात बाळाला सारखा ताप यायला लागला. मग गोरक्षची कंपनीतली पाळी बदलली. अशी एकामागून एक कारणं येत गेली आणि झुंबरबाई तिथंच राहिली. नातू पार्थ अडीच वर्षांचा झाला तरी तिचं बारसं काही संपलं नव्हतं. सणावाराला दोन दिवस यायची, यंदा दिवाळीलाही तशीच येऊन गेली होती. तिनं तिकडं राहायचं असं कुणी ठरवलं नव्हतं. कुणी ठरवलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

श्रीमंत स्वतःही जाऊन आले होते. बारा दिवस राहिले. गोरक्ष रात्रपाळी करून दिवसा झोपायचा, त्यामुळं घरात सगळे कुजबुजत बोलायचे. टीव्ही मुका चालायचा. श्रीमंत हॉलमधल्या दिवाणावर बसून चित्रं बघत राहायचे, नाहीतर खाली पार्किंगमध्ये वॉचमनच्या खुर्चीशेजारी उभे राहायचे. त्यांना कुणी जा म्हटलं नाही. तेराव्या दिवशी त्यांनीच बोअरच्या मोटारीचं काम निघालंय असं सांगितलं आणि गाडीत बसले. जमीन तर वाट्यानं दिलेली होती. मोटारीशी त्यांचा काही संबंध नव्हता, आणि ते झुंबरबाईला ठाऊक होतं.

सुरुवातीला दोन महिने त्यांनी घरी स्वयंपाक केला. पिठल्यात गाठी व्हायच्या, भाकरी तव्यावर टाकताना फाटायची, पण ते खायचे. मग एका दुपारी त्यांच्या लक्षात आलं की पोटात सकाळपासूनचे चार चहा आहेत आणि भूक काही लागलेली नाही. एकट्या माणसाची भूक लबाड असते, कपभर चहावर गप्प बसते. दुसऱ्या दिवशी त्यांनी चूल, म्हणजे गॅस, पेटवलाच नाही. त्यानंतर पेटवायचं एकेक कारण कमी होत गेलं.

आणि चहा गावभर होता. सकाळी रामहरीकडं दोन, सोबत खारी नाहीतर बटर. नऊच्या गाडीचा कंडक्टर ओळखीचा, तो खाली उतरला की त्याच्यासोबत एक. मग सोसायटीच्या ऑफिसात सचिव आले की तिथं एक, वर ग्लुकोजची बिस्किटं. दुपारी शेजारच्या कडूबाईच्या ओट्यावर एक. ती म्हातारी साखर मुठीनं टाकायची. चार वाजता पुन्हा फाटा. मधल्या वेळात गालात गोळी, खिशात शेंगदाण्याची चिक्की. श्रीमंतांना एक गोष्ट कळून चुकली होती, जरी ती त्यांनी कधी शब्दांत मांडली नव्हती. हातात कप असेपर्यंत माणसाला कुठंही बसायचा हक्क असतो. कप रिकामा झाला की लोक, काय मग, असं म्हणतात. म्हणून ते चहा घोटभर घोटभर, निववून निववून प्यायचे. एक कप अर्धा तास पुरवायचे.

दात वर्षभर आधीपासून कुरकुरत होते. गार पाणी लागलं की मस्तकात कळ जायची. कुणाच्या लग्नात ज्वारीची भाकरी समोर आली तर चावायची भीती वाटायची. म्हणून ते आणखी मऊ खायला लागले, आणि मऊ म्हणजे चहात भिजवलेलं. दात दुखतात म्हणून बिस्किटं आणि बिस्किटांनी दात, असं ते चक्र चाललं होतं. त्यातून बाहेर पडावं असं त्यांना कुणी म्हटलं नाही, कारण त्यांनी ते कुणाला सांगितलंच नव्हतं.

संध्याकाळी सात वाजता झुंबरबाईचा फोन यायचा. पार्थला कार्टून लावून दिलं की तिला दहा मिनिटं मोकळी मिळायची. ती विचारायची, जेवणाचं काय केलं. ते सांगायचे, पिठलं-भाकरी. रोज पिठलं म्हटलं तर संशय येईल म्हणून त्यांनी वार वाटून घेतले होते: सोमवारी मेथी, मंगळवारी मटकी, गुरुवारी पिठलं, शनिवारी खिचडी. ती म्हणायची, मेथीत लसूण जास्त घालत जा. ते म्हणायचे, घातला. मग ती पार्थचं सांगायची. फोन ठेवला की श्रीमंत पायरीवर बसून गालातली गोळी संपेपर्यंत रस्त्याकडं बघायचे.

दात मोडल्यावर आठ दिवस त्यांनी तोंडापुढं रुमाल धरून काढले. नवव्या दिवशी गाल सुजला आणि त्यांना पारनेरला दातांच्या डॉक्टरकडं जावंच लागलं.

डॉ. आराधना साळवे ही मूळची संगमनेरची. तिचे वडील तिकडं शाळेत शिक्षक होते. तीसेक वर्षांची, बारीक अंगाची, बोलायला शांत. तिनं श्रीमंतांच्या तोंडात बराच वेळ बघितलं. आरसा फिरवला, एकेका दाताशी थांबली, शेजारी उभ्या मदतनीस मुलीला आकडे सांगितले. मग त्यांना चूळ भरायला लावून म्हणाली की समोरचे दोन वाचणार नाहीत, मागची एक दाढ वाचणार नाही, बाकी आठ ठिकाणी कीड आहे आणि बहुतेक ती हिरडीच्या काठाला आहे. तंबाखू खाता का, मिश्री लावता का, विचारलं. श्रीमंत म्हणाले, जन्मात नाही. तंबाखू खाणाऱ्या ड्रायव्हरांना ते स्वतः बोलायचे.

"मग रोज काय खाता काका?"

"साधंच. पिठलं-भाकरी, भाजी-भाकरी," श्रीमंत म्हणाले.

तिनं मान डोलावली. सुजेवर गोळ्या दिल्या आणि एक छापील कागद दिला. चार दिवस सकाळपासून झोपेपर्यंत तोंडात जे जे जाईल ते वेळ घालून लिहायचं. पाणी सोडून सगळं. लिहायला होईल ना, असं तिनं विचारलं तेव्हा श्रीमंतांना थोडा राग आला. बत्तीस वर्षं हलत्या गाडीत उभं राहून लिहिलेला हात होता तो.

त्या हातानं त्यांनी घरी बसून सुंदर अक्षरात कागद भरला. सकाळी सात, चहा. दुपारी एक, मेथीची भाजी, भाकरी दोन. संध्याकाळी साडेसात, मटकी, भाकरी दीड. फोनवर जे सांगत होते तेच ओळीनं उतरवलं. लिहिताना त्यांना काही खोटं बोलतोय असं वाटलं नाही, इतकं ते पाठ झालं होतं.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईनं कागद वाचला, परत वाचला आणि टेबलावर ठेवला. ती रागावली नाही.

"काका, हा कागद आणि हे तोंड एकाच माणसाचं नाही," ती म्हणाली. "असं जेवणाऱ्या माणसाच्या हिरडीच्या काठाला अशी कीड लागत नाही. मला उपचार तोंडावर करायचेत, कागदावर नाही."

गाडीत बिनतिकीट सापडलेली माणसं कशी खिडकीबाहेर बघत राहतात, तसे श्रीमंत भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडं बघत राहिले. तिनं दुसरा कोरा कागद त्यांच्यापुढं सरकवला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

हा दुसरा कागद त्यांनी खिशातच ठेवला आणि जागच्या जागी लिहिला. पहिल्या दिवशी दुपारी तीनपर्यंतच कागदाची पुढची बाजू भरली. मागच्या बाजूला लिहावं लागलं, आणि दुसऱ्या दिवसापासून वहीची पानं जोडावी लागली. वेळ आणि पदार्थ एवढंच मागितलं होतं, पण सवयीनं त्यांनी ठिकाणही लिहिलं. सात दहा, चहा, खारी दोन, रामहरीकडं. सात पस्तीस, अर्धा चहा, रामहरीकडं, गाडी लेट. नऊ पाच, चहा, कंडक्टर सोबत. साडेनऊ, गोळी. दहा, गोळी. अकरा वीस, चहा, बिस्किटं चार, सोसायटीत. दोन, चहा, कडूबाई. चौथ्या दिवशी संध्याकाळी ते सगळं एकदा वाचून काढावं म्हणून दिव्याखाली बसले. चार दिवसांत भाकरी एकदाही आली नव्हती. 'घरी' हा शब्दही आला नव्हता.

डॉक्टरीणबाईनं तो कागद वाचायला वेळ घेतला. बोटानं एकेक ओळ मोजत गेली.

"घरी काहीच खात नाही तुम्ही?"

"घरी पानी पितो."

"घरी कोण कोण असतं?"

"आमी दोघं," श्रीमंत म्हणाले, आणि थोडं थांबून म्हणाले, "ती चाकनला असती."

तिनं पेन ठेवलं. मग तिनं समजावून सांगितलं, आणि ते त्यांना पुढंही शब्दाला शब्द आठवत राहिलं. गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे दातांना जास्त कळतं. गोड घोट तोंडात गेला की अर्धा-पाऊण तास तोंडात आंब तयार होते आणि ती दाताचं कवच झिजवते. मग लाळ ते हळूहळू भरून काढते. तिला त्यासाठी मोकळा वेळ लागतो. "तुम्ही सकाळी सातपासून तिला उसंतच देत नाही, काका. एक कप अर्धा तास पिता, मग लगेच गोळी. ती गोळी आंबट, म्हणजे आणखी वाईट. खारी-बटराचा चिकट लगदा दातांच्या सांदीत राहतो तो वेगळाच." चहा सोडा असं ती म्हणाली नाही. दिवसातून दोनदा, जेवणाला लागून, दहा मिनिटांत पिऊन संपवायचा आणि वर चूळ भरायची. मधल्या वेळात पाणी, ताक, फार तर मूठभर शेंगदाणे, तेही कुटून. गोळी बंद. आणि दोन्ही वेळा जेवायचं. हे शेवटचं तिनं जरा जोर देऊन सांगितलं.

सांगायला सोपं होतं, आणि श्रीमंत शब्दाचे पक्के होते. दुसऱ्या दिवशी ते रामहरीच्या हॉटेलात गेले आणि पाण्याचा ग्लास घेऊन बसले. रामहरीनं ग्लास पुन्हा भरूनही दिला. पण साडेसातला दूध घालून परतणारी माणसं आली, बाकडी भरली, आणि एकजण चहा घेऊन उभाच राहिला तेव्हा श्रीमंत आपण होऊन उठले. पाण्याचा ग्लास धरून किती वेळ बसणार? सोसायटीत चहा आला, सगळ्यांनी कप उचलले, आणि ते हात मांडीवर ठेवून बसून राहिले. सचिवांनी विचारलं, बरं नाही का. दाताचं आहे, ते म्हणाले. त्यावर दोन मिनिटं कुणाचे दात, कुणाची कवळी, असं बोलणं झालं आणि मग विषय युरियावर गेला, ज्यात त्यांना काही म्हणायचं नव्हतं. कडूबाई तर रुसलीच.

"आमच्या घरचा चहा चालंना व्हय रे श्रीमंता आता?" ती म्हणाली, आणि ओतलेला कप तिनं त्यांच्यादेखत आत नेला.

पंधरा दिवसांत गावात बातमी झाली की औटी कंडक्टरला साखर झाली. लोक कळवळ्यानं वागायला लागले. चहाची वेळ झाली की, त्यांना नका देऊ, त्यांना चालत नाही, असं एकमेकांना बजावायचे, आणि पुढं पुढं तर चहाच्या वेळेला त्यांना हाकच मारेनासे झाले. त्यात कुणाचं वाईट मन नव्हतं. श्रीमंतांचा सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा फेरा असा थांब्याथांब्यानं बंद पडला. घरी बसून ते पातळ भात करायचे, ताक घालून गिळायचे, आणि मग पुढचे चार तास कसे काढावेत ते त्यांना कळायचं नाही. दातांची कळ कमी झाली होती हे खरं. पण कळ होती तेव्हा तिच्याकडं तरी लक्ष असायचं.

एक दिवस त्यांचा नेम मोडला. बुधवारी बाजाराच्या दिवशी फाट्यावर गर्दी होती, जुने दोन ड्रायव्हर भेटले. श्रीमंत त्यांच्यात बसले ते दीड तास. चार चहा झाले, क्रीमरोल झाला, हसणं झालं. हसताना रुमाल पुढं धरायचा राहिला, तरी कुणी काही म्हटलं नाही. घरी येऊन त्यांनी चूळ भरली आणि त्याच वहीचं एक पान काढून त्यावर चारही चहा लिहिले. लिहून झाल्यावर त्यांना वाटलं, हे कशाला लिहितोय आपण, आता कुणी मागितलेलंही नाही. तरी त्यांनी ते खोडलं नाही.

दिवाळी होऊन दीड महिना झाला होता तेव्हा डॉक्टरीणबाईनं समोरचे दोन दात आणि मागची दाढ काढली. इंजेक्शन दिलं, दुखलं काही नाही. तोंडात कापूस चावून ते एकटेच एसटीनं परत आले. गाडीतला नवीन कंडक्टर पोरगा कुठं जायचं विचारत होता आणि त्यांना गावाचं नाव सांगता येईना, तेव्हा त्यांनी बोटानं तिकिटाच्या यंत्रावरच्या यादीतलं नाव दाखवलं.

दोन दिवस त्यांनी झुंबरबाईचा फोन घेतला नाही. रेंज नव्हती असा निरोप पाठवला. तिसऱ्या दिवशी घेतला. ती नेहमीसारखी म्हणाली, जेवणाचं काय केलं. आणि शनिवार होता म्हणून ते म्हणाले, "खिचडी." पण त्यांच्या तोंडून 'खिचडी'तला च फुस्सकन निसटला.

"तुमचं बोलनं असं वारं गेल्यावानी का येतंय?"

"रेंज न्हाई."

"परत म्हना. खिचडी म्हना."

पलीकडं कार्टूनचा आवाज येत होता. मग त्यांनी सांगितलं. दात काढल्याचं सांगितलं, आणि एकदा तोंड उघडलं म्हटल्यावर बाकीचंही सांगितलं. की खिचडी केली नाही. मटकी केली नाही, मेथी केली नाही. दोन वर्षांत पिठलं केलेलं नाही. बोलताना प्रत्येक वाक्यात वारा फुटत होता आणि त्यांना स्वतःचाच आवाज ओळखू येत नव्हता. सांगून झाल्यावर ते वाट बघत राहिले. ती रागावेल, रडेल, गोरक्षला हाक मारेल, यातलं काहीही त्यांना चाललं असतं.

"मला ठावं हुतं," झुंबरबाई म्हणाली.

श्रीमंतांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दिवाळीला आले तवा बेसनाचा डबा उघडला. जाळं धरलं हुतं. मी गेल्या येळी भरून गेल्ते तो तसाच. जवारीच्या पिठाला पोरकिडे. मी सगळं मागं नेऊन टाकलं अन् डबं घासून ठेवलं." ती थांबली. "तुमाला इचारलं न्हाई. इचारलं असतं तर मला ऱ्हावं लागलं असतं."

मग पार्थ रडायला लागला आणि तिला जावं लागलं.

त्या रात्री श्रीमंत जेवले नाहीत, पण त्यांना राग आला नव्हता. दोन वर्षं तिनं रोज सात वाजता तो प्रश्न विचारला होता आणि मेथीत लसूण घालायला सांगितला होता. निदान शेवटचे काही आठवडे तरी उत्तर माहीत असून विचारला होता. मग ती कशासाठी विचारत होती, हे त्यांच्या मनात येत राहिलं.

पुढच्या शुक्रवारी ती आली. रोहिणीनं तीन दिवस रजा टाकली होती. फाट्यावर उतरल्यावर तिनं पिशवी खाली ठेवली, श्रीमंतांची हनुवटी धरली आणि बैलाचे दात बघावेत तसं उन्हाकडं तोंड करून आत बघितलं. रामहरी समोरून बघत होता, पण तिनं पर्वा केली नाही. बघून झाल्यावर म्हणाली, "चला."

ती बारीक झाली होती. केसांना मेंदी लावायची राहिल्यानं भांगात पांढरी वाट पडली होती. घरी आल्यावर तिनं उतरंड लावल्यासारखे सगळे डबे बाहेर मांडले, ज्वारी भरडून आणली आणि श्रीमंतांना गॅसपुढं उभं केलं. भाकरी त्यांना जमणार नाही आणि चावणारही नाही, हे तिनं धरूनच ठेवलं होतं. ज्वारीच्या कण्या शिकवल्या. पाणी किती, मीठ कधी, कधी झाकायचं, कधी ढवळायचं. मुगाची खिचडी शिकवली, दुधीची भाजी शिकवली. पहिल्यांदा कण्या खाली लागल्या. दुसऱ्यांदा तिनं हात लावला नाही, नुसती दारात बसून बघत राहिली. ताक घालून दोघं जेवले. जेवताना ती म्हणाली की तिकडं ती पार्थला भरवता भरवता त्याचं उरलेलं खाते, उभ्यानं, ओट्यापाशी. ताट असं तिनं कित्येक दिवसांत वाढून घेतलेलं नाही. तक्रार म्हणून नाही, तशीच सांगितली तिनं ही गोष्ट. श्रीमंतांनी तिच्या ताटात आणखी थोड्या कण्या वाढल्या.

तिच्या दातांचं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, एक दाढ दुखते. पार्थच्या चॉकलेटांमधलं कधी कधी तीही तोंडात टाकते. दुपारी तो झोपला की घर अगदी गप्प असतं.

सोमवारी सकाळी ती निघाली. आदल्या दिवशी दोघांनी पायरीवर बसून बोलून बघितलं होतं. श्रीमंतांनी राहा म्हटलं नाही. त्यांना पार्थ दिसत होता. तिनं चला म्हटलं नाही; तिला तो दिवाण दिसत होता. गोरक्षशी बोलते, ती म्हणाली. जूनमध्ये पोराला शाळेत घालतील, मग बघू. श्रीमंतही म्हणाले, बघू. गाडी आली, तिला खिडकीची जागा मिळाली. कंडक्टरनं डबल बेल दिली आणि श्रीमंत धुळीतून बाजूला झाले.

गोरक्षचा फोन आला, तो चांगला बोलला. बाबा, तुम्ही इकडंच या, असं म्हणाला. मग दर महिन्याला आईला दोन दिवस पाठवतो असं ठरलं. एकदा ती आली. दुसऱ्या महिन्यात पार्थला कांजिण्या निघाल्या, तिसऱ्या महिन्यात रोहिणीला रजा मिळाली नाही.

मार्चमध्ये श्रीमंतांना समोरच्या दोन खोट्या दातांची पट्टी बसली. डॉक्टरीणबाईनं भरलेले दात तपासले, जुनी कीड पुढं सरकलेली नाही असं सांगितलं आणि सहा महिन्यांनी या म्हणाली. जाताना तिनं विचारलं, आता काय चाललंय खाण्याचं. श्रीमंतांनी खरं खरं सांगितलं. चहा दोनच, कधीमधी तीन. गोळी सुटली. कण्या, खिचडी, पेरू बारीक चिरून. सोबतीचं तिनं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

दवाखान्यातून बाहेर पडून ते आगारापर्यंत चालत गेले. गाडीला अवकाश होता. कंट्रोल केबिनमधल्या जुन्या माणसानं त्यांना ओळखून चहाला बोलावलं. नको, ते म्हणाले, आत्ताच दाताचं काम झालंय. पण ते आत गेले आणि गाडी लागेपर्यंत तिथंच उभे राहिले, खुर्ची रिकामी असून.

संध्याकाळी त्यांनी खिचडी टाकली. सात वाजता फोन आला. झुंबरबाईनं विचारलं, काय केलं.

"खिचडी," ते म्हणाले. आता च नीट येत होता. "लई केली, उरंल. आज दिसभर कुनाशी बोलनं झालं न्हाई, त्या डाक्टरीनबाईशी अन् आगारात येकाशी झालं तेवढंच."

पूर्वी ते असं म्हणाले नसते. पूर्वी तिनंही लगेच पार्थचं काहीतरी सांगायला घेतलं असतं. आता ती नुसतं हं म्हणाली. तिच्याकडं कुकरची शिट्टी झाली, पार्थ कुणाला तरी हाका मारत होता. तिनं फोन ठेवला नाही. श्रीमंतांनी ताट वाढून घेतलं, मोबाईल भिंतीला टेकवून ठेवला आणि जेवायला बसले. ते सावकाश चावत होते, नवीन पट्टीला अजून सवय नव्हती. जेवण निम्मं झालं तेव्हा तिकडून तिला कुणीतरी बोलावलं.